कापसाची काडी

माझ्या कंपासपेटीत एक रोलर स्केल, ०.५ च्या शिशांची डबी, मिनी ड्राफ्टरचा निखळलेला स्क्रू आणि एक कान कोरायची कापसाची काडी असते. रूमवर येणारा प्रत्येक जण विचारतो, "ही इथे कशाला रे?" आजवर मी "असू दे रे" म्हणून विषय बदलत आलो. पण या वेळी मराठी विभागाच्या संपादकाने मेसच्या रांगेत गाठलं आणि "लेख दिल्याशिवाय पोहे नाहीत" असा दम दिला. विषय सुचत नव्हता. शेवटी कंपासपेटी उघडली आणि ठरवलं, एकदाचं सांगूनच टाकू.

माझं गाव पडघा. तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. मुंबईहून नाशिकला जाताना जो टोलनाका लागतो ना, तेच. इलेक्ट्रिकलच्या मंडळींना तर गावाची ओळख करून द्यायलाच नको. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर धावत आलेली ५०० केव्हीची डीसी लाइन आमच्याकडे येऊन विसावते. १५०० मेगावॅटचा हा प्रकल्प १९९९ साली सुरू झाला. पावसाळ्यात त्या तारांखालून जाताना जो 'गूंऽऽ' असा आवाज येतो, तो ऐकतच आम्ही शाळेत गेलो. फर्स्ट इयरला सरांनी "कुठला रे तू?" विचारलं आणि मी "पडघा" म्हटलं, तेव्हा ते म्हणाले होते, "वा! एचव्हीडीसी!" तेव्हा कॉलर जरा टाइट झाली होती.

ही ओळख फार दिवस टिकली नाही. ९ डिसेंबर २०२३ ला पहाटे एनआयएने आमच्या पडघा-बोरिवलीसकट अनेक ठिकाणी छापे घातले. (मुंबईचं बोरिवली नव्हे, आमच्या शेजारचं.) इसिसशी संबंध असल्याच्या आरोपावरून १५ जणांना अटक झाली आणि दिवसभर चॅनलवर गावाचं नाव फिरत राहिलं. त्यानंतर हॉस्टेलला आलो तर पहिलाच प्रश्न, "काय पडघेकर, बॅगेत काय आणलंत?" मीही हसलो. दुसरं काय करणार? पण घरी कोणी हसत नव्हतं. त्याचं कारण वेगळं होतं. त्या दिवशी जप्त केलेल्या वस्तूंची यादी टीव्हीवर वाचून दाखवत होते आणि त्या यादीत एअर गनसुद्धा होत्या.

आणि माझी धाकटी बहीण एअर रायफल नेमबाज आहे.

तिला घरात सगळे 'बाय' म्हणतात. नववीत असताना शाळेच्या एका शिबिरात तिने पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि मग ती सोडलीच नाही. आठवड्यातून तीन दिवस एसटीने कल्याण, तिथून लोकलने क्लबवर, आणि रात्री साडेनऊला घरी. क्लबची रायफल, क्लबचं जॅकेट. जॅकेट तिच्यापेक्षा दोन मापं मोठं. तरी पोरगी खूश. आमच्या घरात अंजली भागवत सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेली होती, सुमा शिरूर २००४ ला अथेन्समध्ये अंतिम फेरीत होती, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, हे सगळं आजीलासुद्धा पाठ आहे. बायने इतक्या वेळा ऐकवलंय!

छाप्यांच्या बातम्यांनंतर आई म्हणाली, "पुरे झालं आता. लोक काय विचारणारेत का, कसली बंदूक न् कशासाठी?" आईचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. बाबा मात्र एका रात्री गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी एक प्लास्टिकची फाइल घेऊन आले. त्यात क्लबचं पत्र, सर्टिफिकिटं, शाळेचा दाखला आणि शस्त्र नियम २०१६ ची झेरॉक्स. ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्या ओळीखाली लाल पेनने रेघ. (मी ½mv² करून बघितलं. गोळी साधारण अर्ध्या ग्रॅमची, वेग सेकंदाला १७० मीटर धरला तर साडेसात ज्यूलच्या आसपास येते.) बाबा म्हणाले, "कागद पक्के असले की घाबरायचं नाही. आणि लपवायचं तर मुळीच नाही." बाबा गोदामात सुपरवायझर आहेत. मालापेक्षा चलन महत्त्वाचं, हे त्यांचं ब्रीदवाक्य!

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत तिकीट तपासणारा. त्या संध्याकाळी बाबांनी पीएफचा फॉर्म भरला. महिन्याभरात क्लबमधल्या एका ताईची जुनी मॅच रायफल आमच्या घरी आली. जुनी असली तरी किंमत लाखाच्या वर. तिची पेटी लांबट, काळी. एसटीत लोक विचारायचे, "कॅसिओ आहे का गं?" बाय म्हणायची, "नाही काका, रायफल आहे. १० मीटर." बाबांची शिकवण.

काकांची बंद पडलेली लूमची शेड हीच बायची रेंज झाली. चार माग विकून टाकल्यावर रिकामी पडलेली. मोजून बघितली तर भिंतीपासून दारापर्यंत १२ मीटर. एका टोकाला लोखंडी पेटी, तिच्यामागे रेतीच्या गोण्या, दाराला आतून कडी. त्या भिंतीवर १.४ मीटर उंचीवर टार्गेट. आता तुम्हीच अंदाज करा, एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका केवढा असेल? अर्धा मिलिमीटर! म्हणजे आपल्या क्लच पेन्सिलीच्या शिशाएवढा. १० मीटरवरून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, छपाईत शाई उडालीय.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता माझी एन्ट्री.

मी तेव्हा सेकंड इयर मेकॅनिकलला. नुकतंच स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकलेलो. असा माणूस घरातल्या कुठल्याही वस्तूला कॅन्टिलिव्हर समजतो. बाय फोनवर एकदा सहज म्हणाली, "दादा, पुढचं टोक जरा हलकं वाटतं रे. स्थिर राहत नाही." झालं! मी वहीच्या मागच्या पानावर नळी काढली. एका टोकाला पकडलेली, दुसरं टोक मोकळं, टोकावर वजन P. विक्षेप PL³/३EI. टोकाला १०० ग्रॅमची जादा रिंग लावली तर नळी जवळजवळ ०.०६ मिलिमीटर वाकेल, तेवढं साइटवर जुळवून घेता येईल, पण पुढे जडत्व वाढल्याने टोक कमी डुलेल. हे गणित बरोबर होतं, आजही बरोबर आहे. पुढे जे झालं त्यात गणिताचा काही दोष नाही.

रूमवर चर्चा झाली नाही असं होतंच नाही. एकाने सल्ला दिला, "वजन कशाला? कॉम्पेन्सेटर लाव ना, भोकांचा. गेममध्ये असतो तसा." दुसऱ्याची उडी त्याहून मोठी, "सायलेन्सरच बनवू. वर्कशॉपमध्ये लेथ आहे, पाइप आहे, आटे पाडायचे की झालं!" मला खोटं कशाला बोला, कल्पना आवडली. शेजाऱ्यांना आवाज जाणार नाही, आईची काळजी मिटेल, असं मी स्वतःला पटवूनही दिलं. आणि मी खरंच ड्रॉइंग घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो.

आपले वर्कशॉपमधले मामा तुम्हाला माहीतच आहेत. कागद त्यांनी उलटा धरला, सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे कशावर बसणार?" मी सांगितलं. मामांनी कागदाची चार वेळा घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली. म्हणाले, "लेथला कळत नाही तू काय बनवतोयस. मला कळतं."

मग मी चिडून वाचायला बसलो. मामा चुकीचे आहेत हे सिद्ध करायला. आणि कपाळावर हात मारून घेतला. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेली जोडवस्तूसुद्धा अग्निशस्त्रच धरली आहे! म्हणजे आपल्याला वाटतो तो नुसता आटे पाडलेला पाइप, पण कायद्याच्या नजरेत तो पाइपच शस्त्र ठरू शकतो. एअर रायफलसाठी बनवला म्हणावं, तर तो उद्या दुसऱ्या कशावर बसणार नाही याची खात्री कोण देणार? आणि पडघ्यात, एका बंद शेडमध्ये, घरी बनवलेला सायलेन्सर... बाबांच्या त्या फाइलमधला कुठला कागद आमच्या कामी आला असता? मला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या गावाला लोकांनी नाव ठेवलं म्हणून आपण चिडतो, आणि आपणच सहज, गंमत म्हणून, तसं वागायला निघतो.

खेळाचे नियमही वाचले. आंतरराष्ट्रीय नियमांत रायफलच्या तोंडाला मझल ब्रेक किंवा कॉम्पेन्सेटर चालतच नाही. नळीला भोकं पाडता येत नाहीत. वजन मात्र चालतं, पण नळीच्या मध्यापासून ३० मिलिमीटरच्या आत हवं आणि पूर्ण रायफल साडेपाच किलोच्या आत बसली पाहिजे. म्हणजे उरली फक्त वजनाची रिंग. ती बायला क्लबमधल्या एका मुलीने वापरायला दिली. कंपनीची, योग्य मापाची. करायचं काय, तर जुनी रिंग काढायची आणि नवी बसवायची. ॲलन कीचं काम. पाच मिनिटं. क्लबच्या सरांनी बायला बजावलं होतं, "इथे घेऊन ये, मी बसवतो." मी फोनवर म्हणालो, "एवढ्याशा कामाला क्लब कशाला? दिवाळीत येतोच आहे. घरात इंजिनियर असताना!"

दिवाळी २०२४. फराळ झाला, शेडमध्ये आम्ही दोघं. बायने आधी तिचं सगळं केलं. हवेचा सिलिंडर काढला, नळी रिकामी आहे हे दोनदा बघितलं, सेफ्टी फ्लॅग घातला. हे ती देवाला नमस्कार करावा इतक्या सवयीने करते. मग आईने हाक मारली म्हणून ती घरात गेली. जाताना म्हणाली, "दादा, मी येईपर्यंत थांब हां."

मी थांबलो नाही.

रिंग एका बारक्या ग्रब स्क्रूने आवळलेली होती. स्क्रू सुटला, रिंग सुटेना. वर्षानुवर्षं तिथेच असल्यामुळे चिकटून बसली होती. अशा वेळी काय करायचं हे आपल्याला फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये शिकवतात: थांबायचं, थेंबभर तेल सोडायचं, वाट बघायची. आणि काय करायचं नाही हेही शिकवतात: स्क्रूड्रायव्हरची छिन्नी करायची नाही. जर्नलमध्ये मी ते स्वतःच्या हाताने लिहिलंय, सही घेतलीय. तरी मी फटीत स्क्रूड्रायव्हरचं पातं घातलं आणि पिळलं. रिंग सुटली. स्क्रूड्रायव्हर घसरला. 'टिक्' असा एवढासा आवाज झाला.

नळीच्या तोंडाशी बघितलं. काहीच दिसलं नाही. म्हणजे दिसलं असेल एक केसाएवढं चमकणारं काही, पण मी अंगठा फिरवला आणि ठरवलं की काही नाही. नवी रिंग बसवली. बाय आली तेव्हा काम संपलं होतं. "बघ, पाच मिनिटं!"

पहिल्या दिवशी ग्रुप थोडा सुटला. (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या कागदावर किती जवळ पडतात, तो ग्रुप.) आधी तिच्या पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक पडायचं, आता तिथे मांजरीच्या पंजासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, "नवीन वजन आहे, हाताला सवय नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "तुझा श्वास चुकतोय." चौथ्या दिवशी, "ट्रिगर खेचतेस तू, दाबत नाहीस." मी! ज्याने आयुष्यात जत्रेतले फुगेसुद्धा फोडले नाहीत.

निवड स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. सुटी संपली, मी हॉस्टेलला आलो. बाय रोज रात्री टार्गेटचे फोटो पाठवायची आणि मी रोज तिची एक चूक काढायचो. तिने उभं राहण्याची पद्धत बदलली, कोपराची जागा बदलली, जेवणाची वेळ बदलली. एकदा लिहिलं, "दादा, मला वाटतं मला येतच नव्हतं. आधी नशिबाने बसत होत्या." तो मेसेज मी मेसच्या टेबलावर बसून वाचला. मला तो 'टिक्' आवाज तेव्हा आठवत होता का? हो, आठवत होता. रोज आठवत होता. मी फक्त त्याच्याकडे बघत नव्हतो. आपण सगळे रीडिंगं 'ॲडजस्ट' करतो ना, ग्राफ सरळ यावा म्हणून? तसंच. फक्त इथे खोट्या रीडिंगची किंमत माझी बहीण मोजत होती.

शेवटी एका रविवारी मी तिच्याबरोबर क्लबवर गेलो. हिंमत करून नव्हे, आईने पाठवलं म्हणून. सरांनी तिच्या दहा गोळ्या बघितल्या. तिला एक शब्द बोलले नाहीत. रायफल टेबलावर ठेवली, सिलिंडर काढला, ड्रॉवरमधून कान कोरायची एक काडी काढली आणि तिचा कापूस नळीच्या तोंडाच्या कडेवरून हळूच गोल फिरवला. पाऊण गोल झाला आणि कापसाचा एक तंतू अडकला. सरांनी काडी उचलली, तो तंतू तसाच नळीच्या कडेला लोंबत राहिला.

"इथे बर आहे," सर म्हणाले. "कोणी उघडली होती?"

बाय काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "मी. स्क्रूड्रायव्हर घसरला होता. मला माहीत होतं."

शेवटची तीन अक्षरं, 'माहीत', मला वाटलं होतं त्यापेक्षा जड निघाली.

सर ओरडले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि शिकवायला लागले. नळीच्या तोंडाची जी कडा असते तिला क्राउन म्हणतात, म्हणजे मुकुट. एअर रायफलची गोळी डमरूसारखी असते, मध्ये बारीक, मागे घेर. हा घेर नळीतून बाहेर पडतो त्या क्षणी मागची दाबलेली हवा चारी बाजूंनी सुटते. कडा सगळीकडे सारखी असेल तर हवा सारखी सुटते आणि गोळी सरळ जाते. कडेला एका जागी खरचटलं असेल तर हवा त्या बाजूने आधी सुटते आणि गोळीच्या शेपटीला कोपरखळी मारते. गोळी डुलत निघते. १० मीटर जायला तिला सेकंदाचा जेमतेम सोळावा भाग लागतो, पण अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी तेवढं पुष्कळ झालं. "नळी कितीही चांगली असू दे," सर म्हणाले, "गोळीला शेवटचा स्पर्श या कडेचा. इथे चूक झाली की मागचं सगळं वाया."

मग म्हणाले, "अभिनव बिंद्राला २००८ ला बीजिंगमध्ये अंतिम फेरीच्या आधी कळलं की आपल्या रायफलचं साइट हललंय. त्याने ते ओळखलं, कारण आधी स्वतःवर विश्वास होता. म्हणून शंका रायफलवर घेता आली. आणि ही पोरगी," बायकडे बोट दाखवून, "तीन आठवडे स्वतःवर शंका घेतेय."

ते वाक्य बायसाठी होतं. लागलं मला.

रायफल क्लबमार्फत अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याकडे गेली. निवड स्पर्धेत बाय क्लबच्या जुन्या रायफलने खेळली. ६० गोळ्या. चांगली खेळली, पण हाताची नाही ती नाहीच. कट-ऑफला तिचे दोन गुण कमी पडले. दोन गुण म्हणजे किती, तर साठातल्या वीस गोळ्या प्रत्येकी शून्य पूर्णांक एकने बाहेर. बाबांनी दुरुस्तीचे पैसे भरले, पावती फाइलला लावली आणि मला फक्त एवढंच विचारलं, "त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" उत्तर आजही नाही. इंजिनियर आहे म्हणून मिरवलं होतं, मग चूक कशी कबूल करणार, हेच खरं उत्तर. पण ते बाबांच्या तोंडावर देता आलं नाही. इथे देतोय.

घसरण्याचं मला फारसं वाटत नाही. हात सगळ्यांचाच घसरतो. वर्कशॉपमध्ये मामांचंसुद्धा एक बोट अर्धं आहे. वस्तू दुरुस्त होते, तिला तेल लागतं, वेळ लागतो, माहीतगार माणूस लागतो. पण तीन आठवडे मी एका चांगल्या नेमबाजाला पटवून देत होतो की तिला येत नाही. नळीच्या कडेवरची बर दोन तासांत निघाली. माझ्या बोलण्याने जी पडली, ती निघायला सहा महिने लागले. अजूनही एखादी गोळी नवाच्या घरात गेली की बाय आधी स्वतःच्या कोपराकडे बघते.

आपण उद्या साइटवर जाऊ, प्लांटवर जाऊ. तिथे काहीतरी 'टिक्' होणारच. आणि कोणीतरी फिटर, कोणीतरी ऑपरेटर सांगेल, "साहेब, मशीन बरोबर चालत नाही." तेव्हा "तुझा हात चुकतोय" म्हणणं फार सोपं असतं. तसं म्हणण्याआधी एकदा आठवून बघा, शेवटचा स्क्रूड्रायव्हर कोणी लावला होता.

तर, ही ती काडी. सरांनी टेबलावर टाकली होती, मी खिशात घातली. नीट बघितलं तर तिच्या कापसातून एक तंतू ओढला गेलाय तिथे बारीक खाच दिसते. परीक्षेला जाताना कंपासपेटी उघडतो तेव्हा दिसते. बरं असतं.

या उन्हाळ्यात घरी गेलो होतो. बायला साइटखालचा एक स्क्रू तपासायचा होता. शेडमध्ये गेलो. सिलिंडर काढला, नळी दोनदा बघितली, फ्लॅग घातला. मी सवयीने ॲलन कीच्या डबीकडे हात नेला. तिने डबी स्वतःकडे ओढली.

"दादा, तू टॉर्च धर."

मी टॉर्च धरला. ती काम संपवेपर्यंत हात हलू दिला नाही.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)